मुंबईत इंडिपेंडंट संगीतकार म्हणून टिकायचंय? काम, कागद आणि पैसा, पायरी-पायरीने

जे स्वतःच्या चाली बांधतात, घरी लॅपटॉपवर म्युझिक करतात आणि नोकरी सोडावी की नाही यावर रोज रात्री डोकं खाजवतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रिअॅलिटी शोमध्ये जाऊन सिंगर व्हायचंय अशांना यात फारसं काही सापडणार नाही. मी बरीच वर्षं मुंबईत नाटकं, शॉर्ट फिल्म, डान्सचे कार्यक्रम, थोड्या जाहिराती आणि मधेमधे स्वतःची गाणी असं मिळून घर चालवतेय, कुठल्या म्युझिक कंपनीशी बांधलेली नाही. नवीन मुलं-मुली फोन करतात ते बहुतेक वेळा माइक कुठला घेऊ विचारायला, सही करायच्या आधी काय वाचू असं फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते या शहरात पहिलं काम ओळखीवर मिळतं, दुसरं कामावर मिळतं, पण दहा वर्षांनी भाडं भरायला उपयोगी पडतं ते तुमच्या नावावर राहिलेलं म्युझिक. म्हणून इथे गिअर कमी आणि कागद जास्त आहेत.

१. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात

हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. पहिली मालमत्ता म्हणजे रचना, म्हणजे तुमची चाल (शब्द असतील तर ते गीतकाराचे, त्यांचा हक्क वेगळा). दुसरी म्हणजे त्या रचनेचं रेकॉर्डिंग, ज्याला सगळे मास्टर म्हणतात. चालीचा कॉपीराइट संगीतकार असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. स्वतःच्या पैशाने घरी बनवलंत तर दोन्ही तुमचं. निर्मात्याने स्टुडिओ, वादक, मिक्स सगळ्याचे पैसे दिले तर रेकॉर्डिंग साधारणपणे त्याचं, पण चाल तुम्ही लेखी सही करून देईपर्यंत तुमचीच राहते. पगारी नोकरीवर असाल तर मात्र गणित वेगळं, तिथे नोकरीचा करार वाचा.

अजून एक. आपल्याकडे ज्याच्याकडे लॅपटॉप तो संगीतकार पण, अरेंजर (कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते ठरवणारा) पण, प्रोग्रामर पण आणि 'जरा ते कुत्र्याचं भुंकणं पण टाक ना' म्हणजे साउंड डिझायनर पण. चारही कामं करा, हरकत नाही, पण मेलमध्ये चार वेगळ्या ओळी लिहा. अरेंजरला चालीचा हक्क आपोआप मिळत नाही. दुसऱ्याच्या गाण्यात इंट्रोची जी धून लोक गुणगुणणार आहेत ती तुम्ही बनवली असेल तर रचनेतला वाटा रेकॉर्डिंगच्या आधी मागा, गाणं चालल्यावर मागितलात तर तोंडं वाकडी होतात.

२. सेटअप, आणि त्यावर किती खर्च करू नये

लागतं एवढंच:

- बऱ्यापैकी लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क, एक नाही दोन
- दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद पाठीचे हेडफोन
- लहान मिडी कीबोर्ड
- विकत घेतलेलं सॉफ्टवेअर (क्रॅक व्हर्जन फाइल ओपन करताना बरोबर डेडलाइनच्या रात्री मरतं)

इंटरफेस, कीबोर्ड धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये हात लावून बघा, केबल-कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर स्वस्त पडतात. मॉनिटर स्पीकरची घाई करू नका, आठ बाय दहाच्या खोलीत ते खोटंच बोलतात. घरी वरच्या मजल्यावर कायम कोणाचं तरी टाइल्सचं काम चालू असतं, त्यामुळे गायकांचं आणि लाइव्ह वाद्यांचं रेकॉर्डिंग अंधेरी-गोरेगावकडचा तासावर मिळणारा स्टुडिओ घेऊन करा, बाकी सगळं घरी.

व्हिडिओसाठी सेशनचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झला ठेवा, पहिल्या दिवसापासून. आणि काम संपलं की प्रत्येक प्रोजेक्टचे स्टेम्स (म्हणजे वाद्यांचे सुटे ट्रॅक) काढून ठेवायची सवय लावा, दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं 'तेच म्युझिक, फक्त तबला काढून दे' आणि तेव्हा प्लगइन उघडत नाही.

३. पहिली कामं कुठे मिळतात

एकांकिका. मराठी संगीतकारासाठी मुंबईत यापेक्षा चांगली शाळा नाही. रुईया, रुपारेल, डहाणूकर, वझे-केळकर, कुठल्याही कॉलेजच्या नाट्यमंडळात जा, आयएनटी, युवा महोत्सव, सवाई या सगळ्या स्पर्धांसाठी त्यांना म्युझिक लागतंच आणि पैसे जवळजवळ नसतात. तरी करा, दोन-तीन सीझन. कारण आज जी मुलं तिथे विंगेत सेट ओढतायत त्यातलीच पुढे मालिकांचे एपिसोड डिरेक्टर होतात, वेबसिरीज लिहितात, जाहिरात एजन्सीत बसतात.

पण नुसती फाइल पाठवून मोकळे होऊ नका, म्युझिक स्वतः ऑपरेट करा. प्रत्येक क्यू (म्हणजे म्युझिकचा एकेक तुकडा) वेगळी फाइल, नावातच नंबर, उदाहरणार्थ '०७ पाऊस, हळू फेड'. लॅपटॉप एअरप्लेन मोडवर, नाहीतर भर शोकप्रसंगात व्हॉट्सअॅपची टिंग सगळं नाट्यगृह ऐकतं. लॅपटॉपचा चार्जर लावला की मिक्सरमध्ये घूं असा आवाज येतो, त्यासाठी बॅगेत एक डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी) हवा. आणि हॉलची सिस्टिम अनेकदा मोनो (डावं-उजवं एकच) असते, हेडफोनवर डावी-उजवीकडे मस्त पसरलेलं तुमचं पॅड (मागचा लांब सुरांचा थर) तिथे गायबच होतं, म्हणून मिक्स मोनोवर ऐकूनच निघा. कुठल्या वाक्यावर म्युझिक आलं की नट दचकतो आणि कुठे आलं की त्याला आधार मिळतो, हे ऑपरेटरच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

नृत्याचे क्लास. याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मुंबई-ठाण्यात भरतनाट्यम आणि कथकचे क्लास गल्लोगल्ली आहेत, अरंगेत्रम (शिष्येचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम) असतात, वार्षिक कार्यक्रम असतात, नवीन रचनांवर नाच बसवणाऱ्या ताई असतात. त्यांना लाइव्ह वादक दरवेळी परवडत नाहीत. काम चोख केलंत तर त्याच ताई दरवर्षी बोलावतात. फायनल ट्रॅकबरोबर प्रॅक्टिससाठी संथ लयीतला ट्रॅक आणि नुसत्या तालाचा ट्रॅक असे दोन जास्तीचे द्या, त्याचे पैसे फीमध्ये आधीच धरा.

शॉर्ट फिल्म आणि डॉक्युमेंटरी. फिल्मसिटीतल्या व्हिसलिंग वुड्सचे, पुण्याच्या एफटीआयआयचे विद्यार्थी, शिवाय हौशी ग्रुप. शोरीलसाठी, म्हणजे कामाचे नमुने दाखवायला, उत्तम.

गणपतीची आणि प्रचाराची गाणी. गणपतीच्या गाण्यांची बोलणी जूनमध्येच सुरू होतात, ऑगस्टमध्ये उगवलात तर उशीर झाला. प्रचारगीताला पैसे चांगले मिळतात पण पूर्ण पैसे फाइल द्यायच्या आधी, कारण निकालानंतर जिंकलेला फोन उचलायला मोकळा नसतो आणि हरलेल्याला उचलायचाच नसतो.

स्वतःचं नवं म्युझिक. क्वार्टेट, वाद्यांचं, प्रयोगाचं असं काही लिहिणाऱ्यांसाठी दारं कमी आहेत पण आहेत. एनसीपीए आहे (सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथेच २००६ मध्ये सुरू झाला), फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा फेस्टिव्हल असतो, जुहूचं पृथ्वी थिएटर आहे. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही बंगळुरूची संस्था कलाकारांना प्रोजेक्टसाठी ग्रँट देते आणि अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. वादकांना बोलवाल तेव्हा रिहर्सलचे पैसे वेगळे धरा. वांद्र्याचा व्हायोलिनवाला स्टाफ नोटेशन धडाधड वाचेल, बासरीवाले दादा म्हणतील 'आधी गाऊन पाठव', दोघांची सोय तुम्ही करायची. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट एक पूर्ण स्वर (दोन सेमीटोन) वर चढवून लिहायचा असतो, तो कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे न चढवता, छापून नेलात तर रिहर्सलचा पहिला अर्धा तास गेलाच.

४. पैसे किती सांगायचे

'मार्केट रेट काय आहे?' याला उत्तर नाही, एकाच इमारतीत एकाच कामाचे दहापट फरकाचे भाव आहेत. म्हणून हिशोब स्वतःच्या खर्चावरून सुरू करायचा. खालचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतलेत.

समजा महिन्याचा घरखर्च, भाडं, इन्शुरन्स, सॉफ्टवेअर धरून ४५,००० आहे. महिन्यात प्रत्यक्ष कामाचे दिवस धरा १८, बाकीचे मीटिंग, प्रवास आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे तुमचा दिवस २,५०० चा. पंधरा मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये सहा मिनिटं म्युझिक, तुम्हाला आठ दिवस लागणार, झाले २०,०००. बासरीवादक ४,०००, स्टुडिओ चार तास ३,२००, मिक्स बाहेरून ५,०००. बेरीज ३२,२००. त्यावर अडीअडचणीचे दहा टक्के, म्हणजे ३५ हजारांच्या वर. ३२ च्या खाली हो म्हणालात तर फिल्मचे सहनिर्माते तुम्हीच, फक्त नाव येणार नाही.

समोरच्याकडे खरंच पैसे नसतील तर भाव पाडू नका, काम किंवा हक्क कमी करा. बासरी काढा. किंवा म्हणा की वीस हजारात फक्त फेस्टिव्हलसाठी एक वर्षाची परवानगी देते, फिल्म पुढे ओटीटीवर गेली तर तेव्हा परत बोलू. हे ऐकून बहुतेक तरुण दिग्दर्शक खूश होतात, कारण त्यांना आत्ताचाच प्रॉब्लेम सोडवायचा असतो.

फुकट पिच हा मुंबईतला जुना खेळ आहे. जाहिरातीसाठी 'एक स्क्रॅच (कच्चा नमुना) पाठव ना, क्लायंटला आवडलं की फायनल करू', आणि हाच मेसेज पाच जणांना गेलेला असतो. एका प्रॉडक्शन हाउसने माझी स्क्रॅच नाकारली आणि दोन महिन्यांनी त्याच चालीची चुलत बहीण टीव्हीवर वाजत होती. तेव्हापासून माझा नियम, तीस सेकंदांच्या वर काही पाठवायचं नाही, एमपीथ्रीच पाठवायची, मधे 'डेमो' असा आवाज टाकायचा आणि जमलं तर डेमो फी मागायची. थोडी का होईना, डेमो फी देणारा माणूस पुढेही पैसे देतो असा माझा अनुभव आहे.

५. काम सुरू करायच्या आधी लिहून घ्या

यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

मुंबईत आपण घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करतो, अकरा महिने, कोण राहणार, डिपॉझिट किती, सगळं लिहून, रजिस्टर करून. आणि चाल मात्र 'अरे घे रे, आपलंच आहे' म्हणून कायमची देऊन टाकतो. चालीचंही तसंच करायचं, कोणाला, कशासाठी, किती दिवस, कुठे.

कायदा इथे तुमच्या बाजूला बराच आहे, पण तो तुमच्या वतीने फोन करत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या या गोष्टी पाठच करा:

- हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. तोंडी दिलेला कॉपीराइट दिलेला नसतो.
- करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.
- घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बहुतेक छापील करारांत नेमकं ते वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून ती ओळ शोधा.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमासाठी केलेल्या चालीची रॉयल्टी तुम्ही सोडून देऊ शकत नाही. थिएटरमध्ये सिनेमाबरोबर वाजणं सोडून बाकी वापरातल्या रॉयल्टीत तुमचा समान वाटा असतो आणि तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 'रॉयल्टीचा हक्क सोडत आहे' असं कलम दिसलं तर निर्मात्याला शांतपणे हे दाखवा.
- हक्क विकले तरी 'संगीत अमुक यांचं' असं म्हणवून घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

'आत्ता असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' हे वाक्य दिसलं की थांबा. विश्व ठीक आहे हो, पण कायमस्वरूपी असेल तर आकडा तसा हवा. बायआउट (एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क देऊन टाकणं) वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, एखाद्या बँकेच्या जाहिरातीतली बारा सेकंदांची धून मी आनंदाने विकते, तिचं मी घरी काय करणार. पण ज्या चालीत तुमचा जीव आहे ती बायआउटला देऊ नका.

छोट्या कामाला वकिली करार कोणी करत नाही, मग निदान असा मेल पाठवा:

'नमस्कार दादा, काल बोललो ते लिहून ठेवते. फिल्मचं पार्श्वसंगीत अंदाजे सहा मिनिटं. फी ३५,०००, अर्धी काम सुरू करताना, अर्धी फायनल मिक्स द्यायच्या आधी. दोन वेळा बदल फीमध्येच, त्यापुढे प्रत्येक वेळी वेगळे पैसे. एडिट लॉक झाल्यावर मी सुरू करेन, त्यानंतर एडिट बदललं तर वेळ आणि पैसे परत ठरवू. म्युझिक या फिल्मपुरतं, फेस्टिव्हलसाठी वापरता येईल, चॅनेल किंवा ओटीटीला गेल्यास वेगळं बोलू. कॉपीराइट माझ्याकडे. श्रेयनामावलीत संगीत म्हणून स्वतंत्र नाव. ठीक असेल तर याच मेलला मान्य असं उत्तर द्या, मग सहीचा कागद पाठवते.'

एडिट लॉकची, म्हणजे फिल्मची कापाकापी पक्की झाल्याची, ओळ विसरू नका. 'जस्ट दोन फ्रेम काढल्यात' म्हणतात आणि सगळे हिट पॉइंट (चित्र आणि म्युझिक नेमकं जुळायच्या जागा) सरकलेले असतात.

मित्रांबरोबर केलेल्या गाण्याला तर कागद जास्तच लागतो. रेकॉर्डिंग संपलं त्याच संध्याकाळी, चहा पिताना, एका पानावर कोणाचा किती वाटा ते लिहा, चाल, शब्द आणि मास्टर वेगवेगळे, सगळ्यांची सही, फोटो काढून ग्रुपवर टाका. याला स्प्लिट शीट म्हणतात.

६. नोंदणी, या क्रमाने

आधी हे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, सगळीकडे हेच लागतात: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, कॅन्सल्ड चेक, पासपोर्ट साइझ फोटो, आणि आतापर्यंत प्रसिद्ध झालेल्या कामांची यादी (नाव, वर्ष, गीतकार, गायक, कुठे आलं).

आयपीआरएस. १९६९ पासूनची संस्था, ऑफिस मुंबईतच. संगीतकार, गीतकार आणि म्युझिक पब्लिशर यांच्यासाठी रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांच्याकडून रॉयल्टी गोळा करते. अर्ज ऑनलाइन होतो, फी आणि अटी त्यांच्या साइटवर बघूनच भरा. सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे मेंबर झालो म्हणजे झालं असं समजणं. प्रत्येक रचना वाट्यांसकट वेगळी नोंदवावी लागते, नाहीतर पैसे येतात आणि ते कोणाचे हेच कळत नाही. टीव्ही किंवा ओटीटीचं काम असेल तर क्यू शीट, म्हणजे कुठलं म्युझिक किती सेकंद वाजलं याची यादी, निर्मात्याकडून मागून घ्या. आणि कुठलाही मोठा करार सही करायच्या आधी मेंबर व्हा, कारण जे हक्क सोसायटीकडे आधीच गेलेत त्याच्या विरुद्ध जाणारा नंतरचा करार टिकत नाही.

इसाम्रा, गायक-वादकांची संस्था. तुम्ही गाता किंवा वाजवताही असाल तर कलाकार म्हणून मिळणारी रॉयल्टी इथून येते. आयपीआरएसपेक्षा पूर्ण वेगळी.

कॉपीराइट ऑफिस. नोंदणी सक्तीची नाही, चाल बांधली की हक्क जन्मतो. पण भांडण झालं तर सर्टिफिकेट कामाला येतं. रचनेची सरकारी फी ५०० रुपये, साउंड रेकॉर्डिंगची २,०००. अर्जानंतर डायरी नंबर मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. एजंट याचेच कितीतरी पट मागतात, फॉर्म स्वतः भरता येतो. सगळ्या गाण्यांची करत बसू नका, ज्यावर भांडण होऊ शकतं त्यांचीच करा.

७. स्वतःचं गाणं रिलीज करताना

दुसऱ्याच्या कवितेला चाल लावली असेल तर आधी कवितेचे हक्क बघा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजायची, तीही पुढच्या जानेवारीपासून. ज्ञानोबा-तुकोबा मोकळे. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, दोघंही मोकळे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले म्हणजे २०१६ संपल्यावर मोकळे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत वारसांची किंवा हक्कदाराची परवानगी लागणार. कवी गेल्यानंतर पहिल्यांदा छापलेल्या कवितांना मुदत छापल्यापासून मोजतात, तेही तपासा. आणि अभंग मोकळा असला तरी त्याची कॅसेटवर ऐकलेली प्रसिद्ध चाल कोणाची तरी असते.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असे बरेच आहेत. काही वर्षाचे पैसे घेतात, काही गाण्यामागे एकदाच घेऊन वर टक्केवारी कापतात. वर्षाचे भरायचे थांबलात तर गाणी उतरतात का, हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा. रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी आयएसआरसी नंबर डिस्ट्रिब्युटर देतो, तो तुमच्या वहीत लिहा, डिस्ट्रिब्युटर बदललात तरी तोच नंबर वापरायचा म्हणजे आकडे शून्यावर जात नाहीत.

अमेरिकेचा टॅक्स फॉर्म विचारतील, डब्ल्यू-८बेन. कंटाळा करू नका, न भरल्यास तिथल्या कमाईवर ३० टक्के कापतात, भरून भारत-अमेरिका कराराचा फायदा घेतला की रॉयल्टीवर १५.

फाइल रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं सुचवायचं असेल तर निदान सात दिवस आधी त्यांच्या आर्टिस्ट अॅपमधून पाठवावं लागतं. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, 'गौरी' एकदा एका स्पेलिंगने आणि पुढच्या गाण्याला दुसऱ्या, की दोन वेगळ्या बायका तयार होतात. लाउडनेसचं फार टेन्शन नको, स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (हे लाउडनेस मोजायचं माप) आणतंच, उगाच चेपून चपटं करू नका.

स्ट्रीमिंगच्या पैशावर घर चालवायचं स्वप्न बघू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. माझ्यासाठी ही गाणी म्हणजे दाखवायचा माल, ती ऐकून नाटकवाले, फिल्मवाले फोन करतात.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीबद्दल (तुमचं गाणं दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपोआप ओळखणारी सिस्टिम) एकच. गाण्यात लूप पॅकमधला ढोलकीचा लूप वापरलाय का? मग कंटेंट आयडीला टिक करू नका. तोच लूप हजार जणांनी वापरलाय, तुमचा क्लेम त्यांच्या व्हिडिओवर जातो आणि उलटून तुमच्यावर येतो. लालबागहून ढोलकीवाल्याला बोलवा, एक तास रेकॉर्ड करा, तुमचा स्वतःचा लूप झाला.

८. टॅक्स, थोडक्यात

एका पार्टीकडून वर्षात ५०,००० च्या वर फी आली की ते १० टक्के टीडीएस कापून देतात. तो इन्कम टॅक्स पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतोय का दर तीन महिन्यांनी बघा, कापतात आणि भरत नाहीत असे महाभाग आहेत. उत्पन्न कमी असेल तरी रिटर्न भरा, कापलेले पैसे परत येतात आणि पुढे कर्ज काढताना रिटर्नच दाखवावे लागतात. सिनेमातले म्युझिक डायरेक्टर ज्या व्यवसायांच्या यादीत बसतात त्यांना निम्मं उत्पन्न नफा धरून टॅक्स भरायची सोय आहे, तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला विचारा. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाख, पण म्युझिक कंपनी किंवा निर्मात्याला चालीचे हक्क देता त्या व्यवहारात जीएसटी भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हेही सीएशी बोलून घ्या. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, बस.

९. वर्षाचं गणित

काम वर्षभर सारखं येत नाही. जून ते ऑगस्ट गणपतीची गाणी, सप्टेंबर ते जानेवारी एकांकिका आणि नाटकं, डिसेंबर-जानेवारीत डान्सचे कार्यक्रम. पितृपक्षात मराठी इंडस्ट्रीत कोणी मुहूर्त करत नाही, कोणी नवीन काही साइन करत नाही, तेव्हा बॅकअप घ्या आणि वाट न बघता स्वतःचं लिहा. सहा महिन्यांचं भाडं बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू नका, हे मी अगदी हट्टाने सांगते. आठवड्यातून दोन दिवस शिकवणं हेही संगीतकाराचंच काम आहे, त्यात कमीपणा मानणारे बहुतेक बापाच्या फ्लॅटमध्ये राहतात.

१०. पैसे अडकले तर

अडकणारच. म्हणून आधीच उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) करून ठेवा, ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, 'उद्यम सर्टिफिकेट २,९९९' वाल्या साइटवर जाऊ नका. नोंदणी काम देण्याच्या आधीची हवी. मग एमएसएमई कायद्याप्रमाणे समोरच्या कंपनीला ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. इनव्हॉइसवर उद्यम नंबर आणि ही ४५ दिवसांची आणि व्याजाची ओळ छापा, अर्ध्या लोकांचं अकाउंट्स डिपार्टमेंट एवढ्यावरच हलतं.

नाही हलले तर क्रम असा. इनव्हॉइसची तारीख उलटल्यावर साधा मेल, आठवड्याने दुसरा मेल निर्मात्याला आणि अकाउंट्सला एकत्र, मग वकिलाची नोटीस, मग एमएसएमईच्या पोर्टलवर तक्रार, जी असे थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. तक्रारीला तुमचा तो 'मान्य' वाला मेल, इनव्हॉइस आणि फाइल पाठवल्याचा पुरावा, हे तीन लागतात. फायनल फाइल व्हॉट्सअॅपवर टाकू नका, मेलनेच लिंक पाठवा म्हणजे तारीख राहते. नोटीस गेल्यावर 'अगं आपलं घरचं काम, एवढं काय' असा फोन येईल. गोड बोला, आणि फोन ठेवल्यावर लगेच 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत पैसे देणार आहात' असा मेल टाका.